चौथी पट्टी

"काल कुठे उंडारून आलास, सांग बघू," असं पुटपुटत फडकंमास्तर विमानाच्या पोटाखाली सरकले.

छोट्या चाकांच्या फळीवर ते उताणे पडले होते. एका हातात साबणाच्या पाण्याचं डबडं, दुसऱ्या हातात जुन्या बनियनचं फडकं. नाकाच्या वर वीतभर अंतरावर विमानाचं पांढरं पोट आणि त्यावर इंजिनापासून मागे ओघळत गेलेले तेलाचे तपकिरी ओघळ. मास्तरांनी डोळे मिटले. पोट पुसताना ते डोळे मिटतच. एक तर थेंब डोळ्यांत जात, आणि दुसरं म्हणजे त्या पोटाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेट त्यांच्या बोटांना पाठ होता. डोळ्यांना तिथे काही काम उरलं नव्हतं.

चार माणसांचं, एका इंजिनाचं, मालकिणीच्या हौसेचं विमान होतं ते. मालकीण दातांच्या डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि सुटीच्या दिवशी आकाशात जायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. त्या उतरल्या की विमान धुवायचं, पुसायचं, चकचकीत करायचं, हा मास्तरांचा. मास्तर कुठल्या शाळेत वगैरे शिकवत नव्हते. फडकं कसं धरायचं, कसं फिरवायचं, कुठलं फडकं कुठे चुकूनही लावायचं नाही, यावर समोरच्याला अर्धा अर्धा तास ऐकवायची त्यांना खोड होती, म्हणून हँगरमधल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे त्यातलं फडकं गळून गेलं आणि नुसते मास्तर राहिले.

पुढच्या काचेचं तर विचारूच नका. ती काच नव्हेच, प्लास्टिक. तिच्यावर फडकं गोल फिरवलं की बारीक गोल चरे उमटतात आणि उन्हात चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जाळं उभं राहतं. म्हणून आधी नुसतं पाणी, मग बोटातली अंगठी काढून उघड्या तळहाताने हलकं चोळायचं, आणि शेवटी मऊ कापड, वरून खाली, सरळ. रोज काढायची कटकट नको म्हणून मास्तरांनी अंगठी एकदाची घरीच ठेवून दिली होती. "लग्न माझ्याशी झालंय की त्या काचेशी?" असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. मास्तरांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला, आणि तो तेवढा वेळ तिने पुढे कित्येक वर्षं त्यांना ऐकवला.

पण त्यांचा खरा जीव होता तो मळात. विमान कुठे जाऊन आलं हे डॉक्टरबाईंनी सांगायच्या आधी मास्तर त्याच्या अंगावरच्या मळावरून ओळखत. पंखांच्या पुढच्या कडेवर हात फिरवला आणि जीभ लावल्यावर खारट लागलं की समुद्र. पांढऱ्या फडक्यावर विटकरी रंग उतरला की पूर्वेकडचं पठार. काजळी असली की कारखान्यांचं शहर, तिथून वळसा घातला असणार. हिरव्या पंखांचे किडे चिकटलेले असले की नदीकाठ, आणि तेही सूर्य कलल्यावर, कारण त्याआधी ते किडे वर येत नाहीत. मास्तर स्वतः कधी विमानात बसून वर गेले नव्हते. डॉक्टरबाई दर वर्षी एकदा तरी म्हणत, "चला, एक चक्कर मारून आणते." मास्तर म्हणत, "मी वर गेलो तर इथे वाट कोण बघणार?" खरं कारण वेगळं होतं. पंचवीस वर्षं मळ वाचून वाचून त्यांनी मनात एक अख्खा मुलूख उभा केला होता. त्यातली नदी त्यांनी डोंगराच्या डावीकडून नेली होती. वर गेल्यावर ती उजवीकडून निघाली असती, तर त्यांना फार वाईट वाटलं असतं.

संध्याकाळी घरी गेले की बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारायची, "आज कुठे?" आणि मास्तर सुरू व्हायचे. समुद्र, त्यावरचे पांढरे पक्षी, पठारावरून जाणारी एकच सडक, तिच्यावर एकच ट्रक. ट्रक कुठल्या मळावरून कळला, असं तिने कधी विचारलं नाही. ती ऐकायची, मध्येच जांभई द्यायची, आणि सांगणं संपलं की पान वाढायला उठायची.

पोटावरचं तेल सोडलं तर त्या सकाळी मळ नव्हताच म्हणायला हरकत नाही. डॉक्टरबाई दोन दिवसांची फेरी करून आदल्या संध्याकाळी उतरल्या होत्या, आणि पंखांच्या कडेला, जिथे पंख अंगाला जोडलेला असतो त्या खोबणीत, फक्त धागे होते. रुपेरी, केसाहून बारीक, उन्हात धरले तर दिसणारे आणि सावलीत नाहीसे होणारे. मास्तरांनी ते बोटाला गुंडाळून पाहिले. पतंगाचा मांजा नव्हे. कापूस नव्हे. रेशमाचा कारखाना असेल तर तो धूर सोडेल, धागे कशाला सोडेल. त्यांनी ओठ पुढे काढून विचार केला, मग पुढच्या कामाला लागले, पण मन त्या धाग्यात अडकलं ते अडकलंच.

विमान धुण्याआधी एक काम असतं. त्याच्या अंगावर चार ठिकाणी लहान लहान तोंडं आहेत, त्यांत पाणी जाता कामा नये. दोन पेट्रोलच्या टाक्यांची, तिसरं पंखाखालच्या वाकड्या नळीचं, आणि चौथं डाव्या बाजूला दाराच्या पुढे, चण्याएवढं भोक. हे चौथं सगळ्यांत साधं दिसतं आणि सगळ्यांत नाजूक. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब आत पोचतो आणि आपण जमिनीपासून किती वर आहोत हे विमानाला कळतं. मास्तर त्याला नाकपुडी म्हणत. धुण्याआधी या चारी जागी ते पिवळी चिकटपट्टी लावत आणि धुऊन झालं की एकेक काढून आपल्या डाव्या बाहीवर चिकटवत. बाहीवर चार पट्ट्या मोजल्याशिवाय हात धुवायचे नाहीत. ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि विमानांच्या मैदानावरची बाकीची धुणारी मंडळीही आता तसंच करत. धुऊन झाल्यावर बाहीवर चार पिवळ्या पट्ट्या लावून हिंडणारी माणसं पाहून नव्या लोकांना वाटे की हा कसला तरी हुद्दा आहे.

युक्ती त्यांची तसा नियमही त्यांचाच. ज्याची पट्टी राहिली, त्याने पुन्हा विमानाला हात लावायचा नाही. सोळा वर्षांपूर्वी त्यांचा एक जोडीदार होता. हसरा, गाणी म्हणणारा, फडकं पिळताना सुद्धा ताल धरणारा. त्याची एक पट्टी राहिली. विमान जमिनीवरच होतं, डॉक्टरबाईंच्या वेळेवर लक्षात आलं, कुणाचं काही बिघडलं नाही. "एक डाव पोटात घाल," असं तो म्हणाला होता. डॉक्टरबाई सुद्धा जाऊ द्या म्हणाल्या. मास्तरच अडून बसले. जोडीदार गेला, आता तो बस धुतो. रस्त्यात भेटला की अजूनही हसून चौकशी करतो, आणि त्याच्याशी बोलून झाल्यावर मास्तरांना पुढचा रस्ता फार लांब वाटतो.

तर त्या सकाळी तीन पट्ट्या बाहीवर आल्या होत्या आणि मास्तर चौथीसाठी नाकपुडीपाशी वाकले होते, तेवढ्यात त्यांना तो दिसला. मोहरीच्या दाण्याएवढा कोळी. खोबणीतून बाहेर येऊन तो ओल्या पांढऱ्या पत्र्यावर उभा होता आणि पुढचा एक पाय उचलून काहीतरी अजमावत होता. त्याच्यामागे रुपेरी धागा. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. म्हणजे हे धागे याचे. याचे आणि याच्या भावंडांचे. असा एवढासा जीव, धागा सोडून वाऱ्यावर बसतो आणि वर जातो, इतका वर की तिथे विमान त्याला गाठतं. रात्री हँगरमधूनच चढला असेल, असं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण त्या क्षणी तिथे शहाणं कुणी नव्हतं.

त्यांनी बोट पुढे केलं. कोळी विचार करून बोटावर आला. मास्तर हात छातीशी धरून, श्वास सुद्धा बेताने घेत, हँगरच्या मागच्या दाराने बाहेर पडले आणि तारेच्या कुंपणापलीकडच्या गवतापर्यंत चालत गेले. सकाळ अगदी स्वच्छ होती. गवताच्या शेंड्याला बोट लावून ते वाकून उभे राहिले. उतरायची त्याला घाई नव्हती आणि मास्तरांनाही नव्हती.

परत आले तेव्हा डॉक्टरबाई उजव्या बाजूने विमानात चढत होत्या. डाव्या बाजूला जमिनीवर साबणाच्या पाण्याचं तळं साचलं होतं.

"आज यायच्या नव्हतात तुम्ही," मास्तर म्हणाले.

"हवा बघा किती छान पडलीय. तासभर फिरून येते. झालं ना तुमचं?"

"झालंच." त्यांच्या डोळ्यांसमोर अजून ते गवत होतं.

"आणि ओळखलंत का, कुठे गेले होते ते?"

"अर्धं ओळखलंय."

"मग परत येईपर्यंत उरलेलं ओळखा," त्या हसून म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

विमान गेलं. मास्तर बादली पालथी घालून दारापाशी बसले. या तासाइतकं सुख त्यांना दुसऱ्या कशात वाटत नसे. काम झालेलं असतं, विमान वर असतं, आणि माणसाला कुणी काही विचारत नाही. त्यांनी मनातल्या मुलखात शोधायला सुरुवात केली. कोळ्याची इतकी पिल्लं एका वेळी वर जायची तर गवत हवं, उंच गवत, मैलोगणती. पठाराच्या पलीकडे त्यांनी आजवर काहीच ठेवलं नव्हतं, तिथे त्यांनी आता कुरण पसरलं. सकाळचं कोवळं ऊन, गवताच्या प्रत्येक शेंड्यावर एक पिल्लू, प्रत्येकाचा पाय उचललेला. वारा आला की सगळी एकदम सुटतात. आणि वरून डॉक्टरबाई येतात, आणि त्यांना समोर आकाश चमकताना दिसतं, का ते कळत नाही. मास्तरांना स्वतःशीच हसू आलं. बायकोला हे सांगायला हवं, ती आज जांभई देणार नाही.

मग ते हात धुवायला उठले आणि सवयीने बाहीवरच्या पट्ट्या काढू लागले. एक. दोन. तीन.

त्यांनी बाही उलटी करून पाहिली. कोपरामागे पाहिलं. खाली जमिनीवर पाहिलं. बोटावर बसलेला तो कोळी त्यांना लख्ख आठवला.

फ्लाइंग क्लबच्या खोलीत रेडिओ होता, त्यावरून वरच्याशी बोलता येई. मास्तर पळत सुटले. चौसष्टाव्या वर्षी माणूस जसा पळतो तसेच ते पळत होते. निम्म्या वाटेवर त्यांना इंजिनाचा आवाज आला. विमान परत फिरलं होतं. धावपट्टीवर ते जरा जास्तच उंचीवरून आलं, आपटलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि थांबलं. मास्तर गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि त्यांना रडू आलं.

चाकांखाली ठोकळे लावायला पहिला जातो तो मास्तरच. त्या दिवशीही तेच गेले. इंजिनापुढचा पंखा थांबला. डाव्या बाजूला, दाराच्या पुढे, ती पट्टी होती. पिवळीधमक. तिची एक कड सुटून वाऱ्याने फडफडत होती. मास्तरांच्या हाताने ती ओढून काढली. हातानेच, त्यांना विचारलं सुद्धा नाही. मूठ मिटली, तोच डॉक्टरबाईंनी दार उघडलं. कुणी पाहिलं नव्हतं.

"उंचीचा काटा हललाच नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी झाडांच्या वर, आणि तो म्हणतोय जमिनीवर. मग वेगाचाही खोटं बोलायला लागला. हवा स्वच्छ होती म्हणून बाहेर बघून आणलं. ढग असते तर..."

हँगरमधून मास्तरांची पुतणी येत होती. ती या विमानाची मेकॅनिक. लहानपणी शाळा सुटली की ती काकांचा डबा घेऊन यायची; डबा राहिला बाजूला आणि पोरगी पाना-पकडीत रमली. आता ती चौतिशीची, दोन मुलांची आई, आणि विमान उडण्यालायक आहे अशी वहीत सही तिचीच लागे. डॉक्टरबाईंचं बोलणं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"काल रात्रीच मी त्या काट्यामागची नळी बदलली," ती म्हणाली.

"हो. ते मला वर असतानाच आठवलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बघ काय झालंय ते. आणि जे असेल ते वहीत लिही. मी तपासणीवाल्यांना कळवणार आहे, तुला वाईट वाटलं तरी."

मास्तर पालथ्या बादलीवर जाऊन बसले. पट्टी तळहाताला चिकटली होती. ते पाऊण तास तिथे बसले. हा पाऊण तास आपल्या आयुष्यातून कुणी कापून नेला तर बरं, असं त्यांना नंतर नेहमी वाटत आलं. कारण त्या वेळात ते काही भल्या माणसासारखा विचार करत नव्हते. पोरगी हुशार आहे, तिचं निभावेल, असा विचार करत होते. एखादा शेरा बसेल, चार महिने लोक बोलतील, मग विसरतील. माझं काय? या विमानाशिवाय मी सकाळी उठून जायचं कुठे? गेल्या काही महिन्यांत दूध दोनदा उतू गेलं होतं, चष्मा एकदा साबणाच्या बादलीत सापडला होता, आणि बायको त्यावर काहीच बोलली नव्हती. तिचं ते न बोलणं त्यांना कळत होतं. आज तोंड उघडलं की सगळ्यांनाच कळणार.

पुतणी आत गुडघ्यांवर बसली होती. काटे उघडले, नळ्या सोडल्या, फुंकून पाहिल्या, पुन्हा जोडल्या. शेवटी कपाळाचा घाम पुसत ती बाहेर आली.

"सापडत नाही," ती म्हणाली. "आता सगळं नीट चालतंय. म्हणजे माझंच कुठेतरी ढिलं राहिलं असणार आणि आपटताना बसलं असणार." तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिताना लहानपणी ओढायची तसा खालचा ओठ आत ओढला.

मास्तर उठले. तिच्यापाशी गेले आणि वहीवर त्यांनी तळहात उघडा ठेवला.

"हे लिही," ते म्हणाले. "चौथी राहिली. नाकपुडीवरची. तुझी नळी ठीक होती."

पुतणी त्या पट्टीकडे बघत होती आणि मास्तर तिच्या पेनाकडे.

"तुम्ही ती कधी काढलीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्ही दार उघडायच्या आधी."

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. रागावल्या तर बरं, असं मास्तरांना वाटलं. पण त्या रागावल्या नाहीत. "उडायच्या आधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते, मास्तर," त्या म्हणाल्या. "ती माझी असते, तुमची नाही. आज मी उजवीकडून चढले. तुम्ही धुतलंय म्हटल्यावर मी हल्ली नीट बघतच नाही."

"ते तुम्ही तुमच्या वहीत लिहा."

"बरं. आणि पुढच्या सुटीला तुम्ही या. आपण दोघंही नीट बघू."

"नाही."

"आता हट्ट करू नका."

"हट्ट नाही, डॉक्टरबाई. सोळा वर्षांपूर्वी एकाला घरी पाठवलंय मी, याहून कमी चुकीसाठी. तेव्हा तुम्ही जाऊ द्या म्हणत होतात. त्याला एक न्याय आणि मला दुसरा, हे कसं दिसेल?"

डॉक्टरबाई विमानाच्या पंखावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मास्तरांनी फडकी आवरायला घेतली. पोटाची वेगळी, पंखांची वेगळी, काचेची मऊ कापडं पिशवीत, वेगळी, त्यांना धूळ लागू द्यायची नाही. पुतणी त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते आणि त्याचा तिला राग येत होता.

"गप्प बसला असतात तरी चाललं असतं, काका. मी निभावलं असतं."

"बसलो होतो," मास्तर म्हणाले. "पाऊण तास."

तिने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि घडी घातली. घडी चुकीची होती. मास्तरांनी ती दुरुस्त करून दिली.

घरी ते भर दुपारी पोचले. बायकोने दार उघडलं, आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग उन्हाकडे. मास्तरांनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, कोळ्यापासून पाऊण तासापर्यंत, काही न गाळता. तिने ऐकून घेतलं. "आधी जेवा," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. खरं तर तिचं जेवण झालेलं होतं.

तो आठवडा लांबला. मास्तरांनी घरातल्या गंजलेल्या कड्या घासल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं. एक दिवस ते बसच्या आगारापर्यंत चालत गेले. जोडीदार एका बसच्या टपावर उभा राहून पाणी मारत होता. मास्तरांनी खालूनच सांगितलं, "माझी पण राहिली." त्याने नळ बंद केला, खाली उतरला, आणि चहा सांगितला. चहा संपेपर्यंत ते बसच्या काचांविषयी बोलले. त्या खऱ्या काचा असतात, कशाही पुसल्या तरी चालतात. उठताना जोडीदाराने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

सुटीच्या दिवशी सकाळी मास्तर लवकर जागे झाले आणि उगीचच अंथरुणात पडून राहिले. शेवटी बायकोने हाक मारली. घरामागच्या मोकळ्या जागेत तिने धुणं काढलं होतं आणि मोठी चादर एकटीने पिळली जात नव्हती. मास्तरांनी दोन टोकं धरली, तिने दोन. त्यांनी उजवीकडे पीळ दिला, तिनेही उजवीकडे. त्यामुळे पीळ बसेना. पंचवीस वर्षांत त्यांनी दोघांनी मिळून चादर पिळली नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग तिने दिशा बदलली. पाणी गळालं. त्यांनी चादर झटकून ताणून धरली.

आवाज आला तो मास्तरांना आधी पायांत जाणवला. त्यांनी मान वर केली. छपराच्या कडेवरून ते आलं, फार उंच नाही, नुकतंच उडालेलं, अजून चढत असलेलं. खालून त्यांनी ते असं कधी पाहिलं नव्हतं. पोट पांढरं शुभ्र होतं. पुतणीने नीट पुसलं होतं. शेपटीकडे एक फिकट ओघळ राहिला होता, पण तो इतर कुणाला दिसला नसता. सावली अंगणातून सरकत आली, ओल्या चादरीवरून गेली आणि कुंपण ओलांडून पलीकडे गेली.

"दहाला पाच कमी असतील," बायको म्हणाली. तिने वर पाहिलंच नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"याच वेळेला जातं ना. दर सुटीला. आपल्या छपरावरून."

मास्तरांना आधी ते नीट समजलंच नाही. समुद्र, पठार, कुरण, एवढा सगळा मुलूख त्यांनी एकेका किड्यावरून उभा केला होता, आणि त्यात हे घर कुठेच नव्हतं.

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इतके रंगून सांगायचात, त्यात मी कुठे मध्ये बोलू?" ती चादरीची कड सारखी करत होती. "मी आपली बाहेर यायचे आणि हात करायचे. डॉक्टरबाईंना काय दिसणार म्हणा. पण करायचे."

"का?"

"का म्हणजे. तुम्ही पुसलेलं असायचं ना ते."

आवाज आता बारीक झाला होता. मास्तर झाडांच्या पलीकडे बघत राहिले, तिकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"आज नाही केलास," ते शेवटी म्हणाले.

"आज तुम्ही इथे होतात," ती म्हणाली. "आणि ते टोक वर धरा, चादर मातीला लागतेय."